मुळाचा दाखला

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरच्या दिशेने निघते, तेव्हा वाटेत काटेवाडी लागते. तेथे परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात. धनगर बांधव आपल्या मेंढ्या घेऊन येतात आणि त्या मेंढ्या पालखीभोवती धावत प्रदक्षिणा घालतात. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांची रिंगणे होतात, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. परंतु काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण ज्याने एकदा पाहिले, तो ते विसरत नाही. वर्षभर माळावर, पडीक रानात आणि उसाच्या फडाच्या कडेकडेने फिरणारा कळप क्षणभर तुकोबांच्या पालखीभोवती येतो, आणि आपण या सोहळ्याचे मानकरी आहोत, ही भावना मेंढपाळाच्या मुद्रेवर स्पष्ट उमटते.

ही भावना निराधार नाही. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीचा विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असल्याचे साधार प्रतिपादन केले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची अनेक वर्षे धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांत घालवून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांचा अभ्यास केला. त्यांचेही निष्कर्ष याच दिशेचे होते. म्हणजे पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्या परक्या घरी मानाला आलेल्या नाहीत, त्या आपल्याच देवाच्या दारी आलेल्या आहेत.

आता याच बारामतीतले दुसरे दृश्य आठवू या. जुलै २०१४ मध्ये धनगर समाजाने अनुसूचित जनजातींच्या सवलतींसाठी येथे उपोषण केले. भारतीय जनता पक्षाच्या तत्कालीन प्रदेश नेतृत्वाने तेथे जाऊन, सत्ता आल्यास मागणी मान्य करू, असे आश्वासन दिले. सत्ता आली. त्यानंतर अभ्यास झाले, योजना जाहीर झाल्या, न्यायालयात खटले चालले, पुन्हा उपोषणे झाली. या सर्व काळात समाजाला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला : तुम्ही मूळचे कोण?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. परंतु शासनदरबारी जातीचा दाखला मागताना मुळाचाच पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा मागणे कितपत शहाणपणाचे आहे, आणि त्यासाठी एका स्वाभिमानी समाजाला कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार आपण केला पाहिजे.

मोजपट्टी घेऊन आलेले पंडित

मुळाचा हा शोध आपल्याकडे शास्त्र म्हणून आला तो इंग्रजांच्या काळात. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील माणसांची डोकी आणि नाके मोजून त्यांचे वंश ठरविले. मराठी मुलखातील ब्राह्मण, कुणबी आणि मराठे यांची डोकी त्यांना रुंद आढळली. तेवढ्यावरून त्यांनी या सर्वांना ‘शक-द्राविड’ ठरवून टाकले. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले शक येथील द्राविडांत मिसळले आणि त्यांतून मराठी माणूस निर्माण झाला, असा हा सिद्धांत. मराठ्यांच्या दूरदूरच्या मोहिमांचे मूळही रिस्लेसाहेबांनी शकांच्या रक्तात शोधले! शिवछत्रपतींची प्रेरणा, सह्याद्रीचा भूगोल, मावळ्यांची निष्ठा यांचा उलगडा कवटीच्या रुंदीत करणारे हे शास्त्र पुढे टिकले नाही. परंतु समाजाची ओळख रक्तात असते, ती कोणीतरी बाहेरचा तज्ज्ञ ठरवतो आणि कागदावर लिहिली की कायमची होते, ही समजूत मात्र मागे राहिली.

धनगरांच्या नावाचीही अशीच चिरफाड झाली. कोणी ते ‘धेनू’पासून आले म्हणतो, कोणी ‘धन’ म्हणजे पशुधन या अर्थाकडे बोट दाखवितो, कोणी कानडीत गुरांना ‘दन’ म्हणतात याची आठवण देतो. स्वतः धनगरांची परंपरा मात्र वेगळीच कथा सांगते. वारुळातून मेंढ्या बाहेर पडल्या, त्यांनी शेतांची नासाडी आरंभिली, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी महादेवाने धनगर निर्माण केला. या कथेत वंश नाही, स्थलांतर नाही, जेते नाहीत आणि जित नाहीत. आहे ते एक काम आणि ते सोपविणारा देव. ओळख म्हणजे काय, याचे हे उत्तर रिस्लेसाहेबांच्या मोजपट्टीहून मला अधिक खोल वाटते.

एक नाव, दोन देश

ज्या गवताळ पट्ट्यातून रिस्ले यांनी आपले पूर्वज आणू पाहिले, तेथीलच एका पशुपालक लोकसमूहाचा इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. सातव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेस बल्गार नावाचे अश्वारोही लोक राहत होते. कुब्रात नावाच्या राजाने त्यांच्या टोळ्यांचे राज्य उभारले. त्याच्या मृत्यूनंतर खझारांच्या दडपणाखाली ते फुटले. त्याचा मुलगा अस्पारुख एक शाखा घेऊन डॅन्यूब नदीपर्यंत आला आणि ६८१ साली बायझन्टाइन साम्राज्याला त्याच्याशी तह करावा लागला. दुसरी शाखा उत्तरेकडे व्होल्गा नदीच्या खोऱ्यात गेली.

पुढे काय झाले? डॅन्यूबकाठचे बल्गार स्लाव शेतकऱ्यांत मिसळले. ८६४ च्या सुमारास त्यांचा राजा बोरिस याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही पिढ्यांत त्यांची मूळ भाषा लोप पावली. आज बल्गेरियात बोलली जाते ती बल्गेरियन भाषा स्लाव कुळातील आहे, बल्गारांचे तिच्यात उरले ते मुख्यतः नावच. व्होल्गाकाठच्या बल्गारांनी दहाव्या शतकात इस्लाम स्वीकारला. बल्गारांच्या भाषेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी भाषा आज रशियातील चुवाश लोक बोलतात, आणि त्यांच्या नावात ‘बल्गार’ हा शब्दही नाही. एकीकडे नाव राहिले आणि भाषा गेली, दुसरीकडे भाषेचा धागा राहिला आणि नाव गेले.

मग मूळचे बल्गार कोण? राजांची एक जुनी नामावळी, त्यातील बारा प्राण्यांच्या चक्राने मोजलेली वर्षे, ग्रीक लिपीतील काही शिलालेख आणि मूठभर शब्द, एवढ्यावर अभ्यासक सांगतात की त्यांची भाषा तुर्की कुळातील असावी, आणि त्यांच्या संघात इराणी भाषा बोलणारे सार्मेशियन व अ‍ॅलन लोकही असावेत. म्हणजे ‘बल्गार’ हे एका रक्ताचे नाव नव्हते, एकत्र आलेल्या अनेक टोळ्यांचे ते नाव होते.

गोष्ट येथे संपली असती तर ती विद्वानांपुरती राहिली असती. परंतु सत्ता बदलली की बल्गारांचे मूळही बदलत गेले. साम्यवादी राजवटीत स्लाव वारशावर भर देण्यात आला. ती राजवट कोसळल्यावर बल्गार हे पामीर आणि बाल्ख परिसरातून आलेले इराणी, हा सिद्धांत लोकप्रिय झाला. आणि साम्यवादी राजवटीतच, १९८४-८५ मध्ये, तेथील शासनाने जाहीर केले की देशातील तुर्क हे मूळचे बल्गेरियनच आहेत, सबब त्यांनी बल्गेरियन नावे धारण करावीत. सुमारे आठ लाख माणसांची नावे सक्तीने बदलण्यात आली. १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक घरदार सोडून तुर्कस्तानात गेले. मुळाचा सिद्धांत शासनाच्या हाती हत्यार म्हणून गेला की काय घडते, याचे हे उदाहरण आहे. जिवंत माणूस स्वतःला काय समजतो, याला तेथे किंमत राहिली नाही.

धनगर : नावाखालचे समूह

आपल्याकडे इतका अनर्थ झाला नाही, पण बल्गारांचा धडा धनगरांना तंतोतंत लागू पडतो. धनगर हेही एका गटाचे नाव नाही. हटकर, खुटेकर, झेंडे, डांगे, सनगर, ठेलारी अशी किती नावे सांगावीत? कोणी मेंढ्या राखणारे, कोणी घोंगड्या विणणारे, तर कोणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासात महाराष्ट्रात धनगरांचे वीसहून अधिक गट आढळले, आणि ते परस्परांत विवाह करीत नव्हते. डॉ. इरावती कर्वे यांनी तर फार पूर्वीच दाखवून दिले होते की, एका व्यवसायनामाखाली येणाऱ्या जाती या एकाच मुळाच्या फांद्या असतात असे नाही. निरनिराळ्या ठिकाणचे निरनिराळे गट सारखेच काम करीत असल्याने एका नावाने ओळखले जातात.

मग या सर्वांना जोडते ते काय? बारामती-इंदापूरच्या माळावरचा मेंढपाळ जेजुरीच्या खंडोबाला जातो, वीरच्या म्हस्कोबाला जातो, शिखर शिंगणापूरच्या महादेवाला जातो. आरेवाडीच्या बिरोबाला मानणारा धनगर आणि बीरप्पाला मानणारा कर्नाटकातील कुरुब यांची भाषा वेगळी, पण देव एक. पट्टण कोडोलीच्या यात्रेत विठ्ठल आणि बिरदेव एकत्र पुजले जातात. ढोलाच्या तालावर गजी नृत्य होते आणि सुंबरान मांडून रात्रभर ओव्या गायल्या जातात. या एकत्वाला डोक्याच्या मापाचा आधार लागत नाही. श्रद्धा, श्रम आणि शतकानुशतकांची वाट यांतून ते घडले आहे.

या वाटेवरूनच नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार झाले. चौंडीच्या अहिल्यादेवींनी काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, सोमनाथ आणि गयेला मंदिरे बांधली. २०२५ साली त्यांच्या जन्माची तीनशे वर्षे देशभर साजरी झाली. सोलापूरचे विद्यापीठ आणि जुना अहमदनगर जिल्हा आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. हा इतिहास हिंदू समाजाच्या मध्यभागी घडलेला आहे, त्याच्या वेशीबाहेर नव्हे.

मागासपणाचे प्रमाणपत्र

आणि येथेच खरी अडचण आहे. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमान्वये अनुसूचित जनजातींची सूची राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि तिच्यात भर घालण्याचा वा वगळण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. महाराष्ट्राच्या सूचीत ३६ व्या क्रमांकावर ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. हा ‘धांगड’ म्हणजे ‘धनगर’च, इंग्रजी लेखनात ‘र’चा ‘ड’ झाला, असे धनगर समाजाचे म्हणणे. विरुद्ध बाजू सांगते की ओरांव हे छोटा नागपूरकडील कुरुख भाषा बोलणारे लोक, आणि धांगड हे त्यांच्याशीच संबंधित नाव. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात निर्णय दिला की सूची जशी आहे तशीच वाचावयाची, पुरावे घेऊन तिचा अर्थ वाढवावयाचा नाही. याच मार्गाने मुंबई उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी धनगर समाजाच्या याचिका फेटाळल्या.

२०१४ मध्ये बारामतीत आश्वासन देताना हे कलम आणि हा निर्णय कोणी वाचला नव्हता काय? राज्याच्या मंत्रिमंडळाला जे करता येत नाही, ते करण्याचे वचन उपाशी माणसाला देणे योग्य नव्हे. वचन देणारे आपले होते म्हणून हे बोलण्याचे टाळणे, हेही योग्य नव्हे.

परंतु एका अक्षराच्या वादाहून मोठा प्रश्न निकषांचा आहे. एखाद्या समूहास जनजाती म्हणावयाचे तर काय पाहावे, हे १९६५ च्या लोकूर समितीने सांगितले : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतर समाजात मिसळण्यातील बुजरेपणा आणि मागासलेपण. आता काटेवाडीच्या त्या मेंढपाळाचा विचार करा. सवलत हवी असेल तर त्याने सिद्ध करावयाचे की तो आदिम आहे, अलग आहे, इतरांत मिसळण्यास बुजतो. ज्या दिवशी तो आपल्या मेंढ्या पालखीभोवती धावडवितो, त्या दिवशी तो या निकषाला नापास होतो! अहिल्यादेवींचा अभिमान सांगावा तर दाखला अवघड, आणि दाखला मिळवावा तर त्या अभिमानाला कुंपणाबाहेर ठेवावे लागते. न्याय मिळविण्यासाठी आपल्याच इतिहासाशी फारकत घ्यावी लागावी, ही अट कोणत्याही समाजावर लादली जाऊ नये.

दुसरी बाजूही तितक्याच सहानुभूतीने ऐकली पाहिजे. राज्यात जनजातींसाठी सात टक्के आरक्षण आहे. त्यात मोठ्या समाजाचा समावेश झाला तर आपल्या लेकरांच्या वाट्याला काय उरणार, ही वनवासी बांधवांची भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही जनजाती लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्यांत विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्षही होते, हे त्या भीतीचेच द्योतक होते. एका वंचिताचे ताट दुसऱ्या वंचितापुढे सरकविण्यास समरसता म्हणता येत नाही. धनगरांना आज भटक्या जमातींच्या ‘क’ गटात साडेतीन टक्के आरक्षण आहे. ते पुरेसे आहे काय, त्याचा लाभ कळपामागे चालणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचतो काय, हे प्रश्न मुळाच्या वादात कोणी विचारतच नाही.

कळपामागे चालणारे कुटुंब

हे कुटुंब कसे जगते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून, कुत्री आणि कळप घेऊन धनगरांचे वाडे निघतात. काही मावळात आणि घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री वाघर लावून मेंढ्या कोंडायच्या, लांडग्याची राखण करायची आणि पहाटे पुन्हा चालू लागायचे. पावसाच्या तोंडावर परत माळावर. शेती आणि पशुपालन यांचा हा जुना करार होता, आणि तो दोघांनाही हिताचा होता.

तो करार आज मोडकळीस आला आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदलू लागले, पुढे उजनी धरण झाले. पाणी आले, ऊस आला, कारखाने आले, समृद्धी आली. तिचा लाभ जमीन असलेल्या धनगर कुटुंबांनाही झाला, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याचे धन चालते आहे, त्याच्या वाट्याला आकसत जाणारी कुरणे आली. रासायनिक खताने लेंडीखताची गरज कमी केली, गिरणीच्या ब्लँकेटने घोंगडीचा बाजार घालविला. माळरान म्हणजे पडीक जमीन, हा शासकीय कागदांचा समज. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळ येथे आजही चिंकारा दिसतो, कारण तेथे गवत टिकून आहे. मेंढपाळ आणि चिंकारा दोघेही याच गवतावर जगत आले, पण झाडे लावण्याच्या उत्साहात गवत जपण्याचे कोणाला सुचत नाही. महिनोन्‌महिने वाटेवर असलेल्या मुलाची शाळा कोणती, त्याच्या आईचे शिधापत्रक कोणत्या गावचे, कळपाला अपघात झाला तर भरपाई कोण देणार?

या प्रश्नांच्या उत्तरांसाठी कोणाचेही मूळ शोधावे लागत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. मात्र जनजातींखेरीज इतरांना वनक्षेत्रातील तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, आणि वास्तव्य एका जागी नसणे हेच तर भटकेपण! ही विसंगती दूर करता येईल. भिकूजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल जानेवारी २०१८ मध्ये सादर केला, त्याचा पाठपुरावा करता येईल. जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. त्या गणनेत वाटेवर असलेला प्रत्येक वाडा मोजला जाईल, हे गावोगावचे कार्यकर्ते पाहू शकतात. हिमाचलातील गद्दी आणि काश्मीरमधील गुज्जर-बकरवाल हे पशुपालक जनजातींच्या सूचीत आहेतच. धनगरांतील खरोखर भटक्या गटांबाबत संसदेने विचार करावा, अशी मागणी उघडपणे आणि मोजलेल्या हलाखीच्या आधारावर करता येईल, तीही वनवासी बांधवांच्या वाट्याला धक्का न लावता. त्यासाठी ‘र’ आणि ‘ड’ यांचा आश्रय घेण्याची गरज नाही.

पालखी मार्गावर बारामतीच्या अलीकडे एक गाव आहे, उंडवडी गवळ्याची. त्या नावातला गवळी कोण, कोठून आला, हे आज कोणी विचारीत नाही. गाव त्याचे झाले आणि तो गावाचा झाला. हजारो वर्षे या भूमीने आपल्याकडे आलेल्यांना आणि आपल्यात असलेल्यांना असेच एकमेकांत विणले आहे. पुढच्या आषाढात काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होईल तेव्हा आपल्यापैकी अनेक जण ते डोळे भरून पाहतील. पण पालखी पुढे गेल्यावर त्या मेंढपाळाच्या मागोमाग चार पावले चालून त्याचा वाडा कोठे उतरला आहे, त्याची लेकरे कोठे शिकतात, एवढे विचारण्यास काय हरकत आहे? तो कोण आहे, हे रिंगणात त्याने सांगितलेलेच असते.